३१ इंची टायर टाकल्यावर जीप ओढत नाही, क्राऊन-पिनियन कोणतं टाकू?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधेच वाचायला येणाऱ्यालाही संदर्भ लागेल. जुनी एमएम ५४०, प्युजोचं डिझेल इंजिन, चार गिअरचा बॉक्स. आधी २१५/७५ आर १५ टायर होते, ते काढून ३१ बाय १०.५ आर १५ मड टेरेन टाकले, जीप दिसायला एकदम भारी झाली, पण साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट जो तिसऱ्यात निघायचा तो आता दुसऱ्यात काढावा लागतोय आणि हायवेला चौथा गिअर नुसता नावाला उरलाय, ॲव्हरेजही घसरलंय. मागच्या क्राऊनवर (एक्सलमधलं मोठं गिअर, त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन) ४७-११ कोरलेलं दिसलं. मेस्त्री म्हणतो ५.३८ रेशोचं टाक, मित्र म्हणतो इंजिनच बदल. रोज काळ्या मातीतलं शेत ते सातारा, महिन्यातनं एखादा रविवार डोंगरात, आणि पावसाळ्यात एक-दोनदा चिखलात खेळायला जायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, नंतर कारणं. इंजिनला हात लावू नकोस. ५.३८ टाकू नकोस. टायर ठेवायचेच असतील तर पुढे-मागे दोन्हीकडे ४.८८ टाक, आणि त्याआधी एकदा खरंच मनाला विचार की ३१ हवेत का, कारण जुन्या जिपेत मोठा टायर म्हणजे काढलेलं कर्ज असतं आणि क्राऊन-पिनियन हा त्याचा पहिला हप्ता, पुढचे हप्ते ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग असे येतच राहतात. मी पंचवीसेक वर्षं जिपा खोलतोय आणि त्यातल्या निम्म्या जिपा टायर बदलल्यानंतरच माझ्याकडे आल्यात, आधी विचारायला कोणी येत नाही.

आता हिशोब. ४७-११ म्हणजे क्राऊनला ४७ दात, पिनियनला ११, भागाकार ४.२७. प्रोपेलर, म्हणजे एक्सलला फिरवणारा लांब शाफ्ट, सव्वाचार वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. तुझा जुना टायर ७०३ मिलीमीटर उंचीचा, म्हणजे २७.७ इंच. नवा ३१ इंच, ७८७ मिलीमीटर. ३१ ला २७.७ ने भागलं की १.१२ येतात. याचा अर्थ चाकाच्या एका फेरीत जीप १२ टक्के जास्त पुढे जाते, आणि इंजिन तेवढंच असल्यामुळे रस्त्यावर पोचणारी ओढ साधारण साडेदहा टक्क्यांनी कमी होते. दुसऱ्या शब्दात तू न सांगता न विचारता ४.२७ चं ३.८२ करून ठेवलंस. कंपनीनं जर ३.८२ चं क्राऊन-पिनियन लावून जीप दिली असती तर तू शोरूममध्येच भांडला असतास, इथं मात्र स्वतः पैसे देऊन करून घेतलंस!

परत मूळ जागी यायचं तर ४.२७ ला १.१२ ने गुण, ४.७८ येतात. बाजारात ४.७८ मिळत नाही, जवळचं ४.८८ आहे, ३९ आणि ८ दातांचं. त्याच्या पुढचं ५.३८, ४३ आणि ८. हे आकडे नवे नाहीत, दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ४.८८ वर चालायची आणि नंतरची सीजे ३बी ५.३८ वर, कारण इंजिन लहान, वेग कमी आणि कामं सगळी ओढण्याची. त्या जिपांचा टायर ६.०० – १६, तोही तुझ्या ३१ पेक्षा लहान. म्हणून जुने मेस्त्री डोळे झाकून ५.३८ सांगतात, त्यांनी आयुष्यभर तेच बघितलंय, चूक त्यांची नाही.

पण तू रोज हायवेला असतोस ना. ताशी ८० ला चौथ्या गिअरमध्ये, जिथं बॉक्सचा रेशो एकास एक असतो, इंजिन किती फिरेल ते बघ. जुने टायर आणि ४.२७ वर साधारण २६५०. आत्ता ३१ आणि ४.२७ वर २३७०, म्हणून ते कण्हतंय. ३१ आणि ४.८८ वर २७१०, म्हणजे जवळजवळ होतं तिथंच. ३१ आणि ५.३८ वर २९९०. आता तीनशे आरपीएमनं काय होतंय असं वाटेल, तर मी हे करून बघितलंय. माझ्या स्वतःच्या जिपेत ५.३८ टाकलं होतं कारण ३३ चे टायर टाकायचे होते, ते ३३ काही बसले नाहीत नीट, शेवटी ३१ वर आलो आणि क्राऊन-पिनियन तसंच राहिलं. डोंगरात राजा. पण सातारा-पुणे एकदा करून आलो की दोन तास कानात इंजिन वाजत राहायचं, बायकोनं जिपेत बसायचं बंद केलं. दोन वर्षांनी परत खोलून ४.८८ केलं, म्हणजे मजुरी दोनदा. तुझ्या वापराला ५.३८ तेव्हाच घे जेव्हा टायर ३३ चे असतील किंवा जीप ट्रेलरवर घालून नेणार असशील.

५.३८ ला अजून एक अडचण आहे. क्राऊनचा व्यास हाउसिंगमध्ये मावेल तेवढाच, त्यामुळे रेशो वाढवायचा तर पिनियन बारीक करावा लागतो. ४.८८ आणि ५.३८ दोन्हीला आठच दात, पण ५.३८ चा पिनियन अंगानं लहान. मोठा टायर दगडात अडकला, तू क्लच सोडला आणि चाक फिरेना की सगळा जोर त्या बारक्या पिनियनच्या एका-दोन दातांवर येतो. मागच्या डाना ४४ पद्धतीच्या एक्सलला तो बऱ्यापैकी झेपतो. पुढच्या बारक्या एक्सलला नाही.

हां, आणि इथंच मुख्य गोष्ट. तू फक्त मागचं सांगितलंस. पुढं काय आहे?

फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकाच वेगानं फिरवतो, मधे डिफ, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर, नाही. त्यामुळे दोन्हीकडचा रेशो एकच पाहिजे. मागे ४.८८ आणि पुढे ४.२७ ठेवलंस तर पुढची चाकं मागच्यापेक्षा १४ टक्के जास्त पळायला बघणार, चिखलात ते घसरून भागतं, कोरड्या दगडावर भागत नाही, मग जॉइंट क्रॉस तुटतो किंवा ट्रान्सफरची वाट लागते. माझ्याकडे एक जीप आलेली, मालक म्हणाला फोर बाय फोर लावलं की जीप उड्या मारत चालते आणि नंतर गिअर निघतच नाही, रिव्हर्स घेऊन झटका दिला तरच निघतो. तीन जणांनी ट्रान्सफर खोललेला. दोष ट्रान्सफरमध्ये नव्हताच, कोणीतरी मागचा अख्खा एक्सल भंगारातनं आणून बसवलेला, पुढचा जुनाच. मालकाला ती तशीच विकलेली आणि त्यानं चार वर्षं टू व्हीलमध्ये चालवल्यामुळे कळलंच नाही. आपल्याकडच्या जुन्या जिपा म्हणजे खिचडीच असतात, बॉक्स एकाचा, एक्सल दुसऱ्याचा, कागद तिसऱ्याचे, त्यामुळे पुस्तकात काय लिहिलंय त्याला अर्थ नाही, स्वतः मोजायचं.

मोजायची रीत सोपी आहे, काही खोलायचं नाही. मागचं एकच चाक जॅकवर घे, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लाव. ट्रान्सफर न्यूट्रल. जुन्या जिपांना हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर असतो, तो लावून ठेवलास तर प्रोपेलर फिरणारच नाही, म्हणून तो सोडायचा, आणि म्हणूनच दगड नीट लावायचे, सपाट जागेवरच करायचं, चाक फिरवणारा गाडीखाली जाणार नाही. प्रोपेलरवर खडूनं खूण कर. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरव, एक नाही दोन, कारण दुसरं चाक जमिनीवर अडकलंय आणि डिफ त्यामुळे निम्मी फेरी खातो. प्रोपेलर सव्वाचार फेऱ्या फिरला तर ४.२७, पावणेपाच होऊन पाचला जरा कमी पडला तर ४.८८, पाचच्या वर जाऊन साडेपाचला कमी पडला तर ५.३८, पावणेचारवर थांबला तर ३.७३. पुढे पण हेच, फक्त फ्री व्हील हब (पुढचं चाक एक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करून घे आणि फोर बाय फोर काढलेला असू दे. तीनदा मोज. अर्ध्या तासाचं काम आहे आणि यावर पुढचा सगळा खर्च ठरणार आहे.

समजा दोन्हीकडे ४.२७ निघालं. मागच्या डाना ४४ पद्धतीच्या डिफला एक बरंय की ३.९२ पासून वरच्या सगळ्या रेशोंना कॅरिअर, म्हणजे ज्यावर क्राऊन बसतो तो भाग, एकच चालतो, म्हणजे ४.२७ वरून ४.८८ ला जाताना फक्त क्राऊन-पिनियन, बेअरिंग आणि सील. ज्यांच्याकडे ३.७३ आहे त्यांना कॅरिअरही बदलावा लागतो, त्यांनी तो खर्च धरून चालायचा. पुढच्या एक्सलचं क्राऊन-पिनियन मापानं वेगळं, मागचं पुढे बसत नाही, दुकानदार कितीही म्हणू दे. आणि खरी शोधाशोध पुढच्यासाठीच होते. म्हणून माझा नियम, आधी पुढचा सेट हातात येऊ दे मग मागचा विकत घे. उलटं केलंस तर मागचा सेट सहा महिने गोणपाटात पडून राहील.

दुसरा रस्ता म्हणजे हव्या रेशोचा अख्खा एक्सल शोधणं. मुंबईला कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात, दिल्लीत मायापुरीला, आणि जिपांचं माहेरघर म्हणायचं तर हरियाणातलं मंडी डबवाली, तिथनं ट्रान्सपोर्टनं येतात. भंगारातला एक्सल घेताना कव्हर उघडून दातांवरनं नख फिरव. दाताच्या पोटाशी खड्डे पडले असतील, निळसर जळलेला रंग असेल, तर कितीही स्वस्त असू दे नको. क्राऊन आणि पिनियन जोडीनं लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यावर जोडीचा नंबर असतो, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असा संसार कधी टिकत नाही. शिवाय ट्यूब वाकलीय का ते बघ, उडी मारलेल्या जिपेचा एक्सल केळ्यासारखा झालेला असतो आणि तो टायर एका बाजूनं खातो.

आता बसवायचं. इथं जरा सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के क्राऊन-पिनियन इथंच मरतात, आणि नाव पार्टचं खराब होतं.

बघ, पिनियन क्राऊनमध्ये किती आत शिरलाय ते एक. पिनियनच्या बेअरिंगवर किती दाब आहे ते दोन. क्राऊन आणि पिनियनमध्ये मोकळीक किती, ज्याला आपण प्ले म्हणतो, ते तीन. तिन्ही शिमवर, म्हणजे मधे घालायच्या पातळ चकत्यांवर ठरतं. जुन्या डाना ४४ ला क्रश स्लीव्ह (दाबून बसणारी नळी) नसते, सगळे शिम, त्यामुळे चुकलं तर परत खोलून दुरुस्त करता येतं, हे मोठं सुख आहे. काही जण जुन्या पिनियनचे शिम तसेच नव्याला लावतात. सुरुवात म्हणून ठीक. शेवट म्हणून नाही. नव्या सेटच्या पिनियनच्या तोंडावर अधिक-उणे काहीतरी आकडा कोरलेला असतो, जुन्याचा आणि नव्याचा फरक काढून शिम कमीजास्त करायचे.

प्ले डायल गेजनं मोजायचा, ०.१५ ते ०.२५ मिलीमीटर, आणि एका जागी नाही, क्राऊन फिरवून चार जागी. नव्या बेअरिंगचा पिनियन प्रीलोड, म्हणजे वर सांगितलेला बेअरिंगवरचा दाब, इंच-पौंडात २० ते ४०, जुनीच बेअरिंग ठेवली तर त्याच्या निम्मा, पण एवढं खोलल्यावर बेअरिंग जुनी ठेवणारा माणूस मला समजतच नाही. हे मोजायला छोटा टॉर्क पाना लागतो, नुसतं हातानं फिरवून 'हं, बरोबर लागतंय' म्हणणाऱ्या मेस्त्रीचा हात खरंच चांगला असू शकतो, माझा तरी नव्हता.

मग पॅटर्न. क्राऊनच्या सात-आठ दातांना रंग लावायचा, आम्ही आधी तेलात कालवलेला शेंदूर वापरायचो, आता निळ्या रंगाची ट्यूब मिळते, आणि चाकाकडून थोडा अडथळा देत पिनियन दोन्ही बाजूंना फिरवायचा. जो ठसा उमटतो तो दाताच्या मध्यावर पाहिजे. ठसा दाताच्या टोकाकडे गेला असेल तर पिनियन लांब आहे, क्राऊनकडे सरकव. ठसा मुळात उतरला असेल तर पिनियन जास्त आत गेलाय, मागे घे. ठसा आतल्या अरुंद बाजूला किंवा बाहेरच्या रुंद बाजूला गेला तर ते काम प्ले कमीजास्त करून होतं. पिनियन हलवला की प्ले बदलतो, म्हणून परत मोज, परत रंग, परत खोल. चांगला हात असला तरी एका एक्सलला तीन-चार वेळा खोलणं होतंच. ज्या मेस्त्रीनं सकाळी घेतलं आणि दुपारी दिलं त्यानं पॅटर्न बघितलेला नाही असं समज. काम झाल्यावर ठशाचा फोटो मागून घे, लाजू नकोस, चांगला माणूस स्वतःच दाखवतो.

मी नवशिका असताना एकदा पॅटर्न न बघता जुन्या शिमवर बसवलं. आवाज नव्हता, मी खूश. साठच्या पुढे हलकी शीळ यायची, पाय उचलला की बंद. मी म्हटलं मड टायरचा आवाज असेल. महिन्याभरात वरंधा घाटात, वाघजाईच्या अलीकडे, कट्कन आवाज आणि मागची ओढ गेली. सुदैवानं चढ होता आणि पाठीमागे कोणी नव्हतं. पुढच्या चाकांवर, फोर बाय फोर लावून, मागचा प्रोपेलर काढून ठेवून महाडला उतरलो. उघडलं तर पिनियनचे दोन दात तेलाच्या तळाशी. तेव्हापासून ओढताना येणारी शीळ आणि पाय सोडल्यावर येणारी शीळ मी वेगवेगळी ऐकतो, टायरचा आवाज पाय उचलल्यावर बदलत नाही, क्राऊनचा बदलतो. एवढं जरी लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ.

नवं बसवल्यावर पहिले पंधरा-वीस किलोमीटर हळू जायचं आणि मग पूर्ण गार होऊ द्यायचं, हात लावून बघ, कव्हर गरम होईल पण हात ठेवता आला पाहिजे. असं तीन-चार वेळा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर नाही, डोंगर नाही, शर्यत नाही. ८०० ला ऑइल काढून टाक, ते चकाकणारं निघेल, घाबरू नकोस, नव्या दातांचं ते असतंच. ऑइल जीएल-५ चं ८०डब्ल्यू-९० घाल, दुकानात नुसतं 'नव्वद नंबर द्या' म्हणू नकोस, डबा बघून घे, आणि तेच उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नकोस, तिथल्या पितळी सिंक्रो रिंगला जीएल-४ बरं.

मीटरची गंमत सांगतो. जुन्या जिपेत मीटरची वायर ट्रान्सफर केसमधून निघते, एक्सलच्या आधी. त्यामुळे आत्ता ३१ वर तुझा मीटर ८० दाखवतो तेव्हा तू नव्वदच्या जवळ असतोस, आणि ॲव्हरेज घसरलं म्हणून जे लिहिलंस त्यातला काही भाग नुसता किलोमीटर कमी मोजले जातायत त्याचा आहे. ४.८८ टाकलं की मीटर आपोआप जवळजवळ बरोबर होतो, दोनेक टक्के जास्त दाखवेल, बस.

आता क्राऊन-पिनियननं काय सुटत नाही ते. ब्रेक. मोठ्या चाकाला थांबवायला तोच ड्रम, तोच सिलेंडर, आणि चाक १२ टक्के मोठं, शिवाय मड टायर हातात उचलून बघ, जुन्यापेक्षा किती जड आहे ते कळेल. इंजिन ब्रेकिंग ४.८८ नं परत येईल, उतारावर फरक जाणवेल, पण पायातला ब्रेक तेवढाच राहील. लायनर, सिलेंडर, ड्रम आधी करून घे, क्राऊन-पिनियनच्याही आधी. पैसे एकाचेच असतील तर ब्रेकचे. दुसरं स्टिअरिंग, टायर मोठा झाला की नकलच्या किंगपिन बेअरिंगमधला ढिलेपणा जो आधी लपलेला होता तो पन्नास-साठला हँडल थरथरून बाहेर येतो. लोक डॅम्पर लावून झाकतात. बेअरिंग आणि शिम बघ आधी. तिसरं मागच्या एक्सल शाफ्टचं टोक टेपर आणि चावीवालं असेल तर तो हबचा नट ढिला नाही ना ते वर्षातनं एकदा बघत जा, मोठ्या टायरवर चावी कापली जाते आणि मग शाफ्ट फिरतो, चाक नाही.

टायरबद्दल. ३१ नं तुला डिफखाली किती उंची मिळाली? व्यासातला फरक ८४ मिलीमीटर, त्याच्या निम्मे, ४२. चार बोटंही नाहीत. लिफ्ट किट कितीही लाव, डिफ त्यानं वर येत नाही, बॉडी येते, डिफ वर आणायला टायरच लागतो हे खरं, पण ती वाढ एवढीच असते हे घेताना कोणी सांगत नाही. नव्या थारला कंपनीच २५५/६५ आर १८ देते, तो ३१ इंचच भरतो, पण तिथं डिझेल १३० बीएचपीचं आहे, तुझं प्युजो नवं असतानाही त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं. तिच्याकडे बघून तू मोजमाप काढू नकोस.

आणि रुंदी. तुझं शेत काळ्या मातीत. काळी माती ओली झाली की मड टायरच्या फटी दोन फेऱ्यांत भरतात आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो, मग १०.५ रुंद असो नाहीतर १२.५, सारखंच. तिथं अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट मुरमावर पोचतो. ७.०० – १६ चा मिलिटरी पद्धतीचा एनडीएमएस टायर उंचीला जवळपास ३१ इंचच भरतो आणि रुंदीला निम्मा-पाऊण, बघायला काटकुळा, पण शेताच्या रस्त्याला मी डोळे मिटून तोच घेईन. कोकणात, गोव्यात लाल मातीचा चिखल, त्यात खाली जांभा असतो, तिथं मड टेरेनच्या मोठ्या फटी फिरल्या की माती फेकून देतात, तिथं तुझा टायर शोभेल. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची चिखलातल्या गाड्यांची स्पर्धा होते ती बघून सगळे टायर निवडतात, पण त्या गाड्यांना विंच असते आणि आणलेलं सामान दुसऱ्या गाडीत असतं, सोमवारी त्याच गाडीनं कोणी डेअरीला दूध घालायला जात नाही.

फुकटातली सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे हवा. लोक क्राऊन-पिनियनला हजारो घालतात आणि डोंगरात ३० पीएसआयवर फिरतात. दगडगोट्याच्या वाटेला १८ कर, चिखलात आणि रेतीत, हळू चालत, १५. टायर लांबट होऊन जमिनीला जास्त चिकटतो, दगड पोटात घेतो, जीप कमी आपटते. १२ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नकोस, वळणात टायर रिमवरनं उतरतो. ट्यूबचा टायर असेल तर एवढंही खाली नको, रिमवर टायर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातनं तुटतो. घरी येताना डांबरी लागायच्या आधी पंपानं भरून घे, १५ वर साठच्या वेगानं चालवलेला टायर आतनं भाजतो. आधी हे एकदा करून बघ, कदाचित २३५/७५ आर १५ सारख्या मधल्या टायरवरही तुझं भागेल. तो २८.९ इंच आहे, ४.२७ वर त्याचा फरक चार टक्के, क्राऊन-पिनियनला हात लावायची गरजच नाही. ३१ विकून चांगला पैसा येईल, नवेच आहेत. मला माहितीये तू हे करणार नाहीस, मीही केलं नसतं तुझ्या वयात, पण विचारलंस म्हणून सांगितलं.

इंजिन बदलण्याबद्दल एवढंच की जास्त ताकदीचं इंजिन त्याच चुकीच्या रेशोवर क्लच आणि पुढचे जॉइंट जाळतं, शिवाय कागदपत्रांचं दुखणं वेगळं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जो निकाल दिला त्यानंतर मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांना पासिंगला त्रास होतो, आणि जुन्या जिपेला पासिंग तर करावंच लागतं. मोठ्या टायरचंही तेच, अपघात झाला तर विमावाला टायरच्या मापावर बोट ठेवू शकतो. जुने टायर रिमसकट शेडमध्ये ठेव, विकू नकोस.

शेवटी एक, मागचा डिफ उघडणारच आहेस तर त्याच मजुरीत लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग, बसवता येतो का बघ. सह्याद्रीतल्या वाटांवर एक चाक हवेत गेलं की ४.८८ काय आणि ५.३८ काय, उघडा डिफ ते हवेतलं चाकच नुसतं फिरवत बसतो, जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. बजेट नसेल तर राहू दे, पण मेस्त्रीला आधी विचारून ठेव, नंतर परत सगळे शिम, सगळा पॅटर्न पहिल्यापासून करावा लागतो. आणि पुढच्या चाकाच्या फेऱ्या मोजल्या की आकडा टाक, मग पुढचा सेट कुठं बघायचा ते सांगतो.